काठीशिवाय तळीपर्यंत

वालावल,
१३ नोव्हेंबर २०२४

गंगाराम यास,
सत्यवानचा नमस्कार.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. मला हौस नाही. काल मंगळवार, दिव्या आली होती. तीच आपली कुडाळहून स्कूटरवर येणारी फिजिओथेरपिस्ट, मंगळवारी माझ्याकडे आणि गुरुवारी तुझ्याकडे. माझी वही बघून म्हणाली, "काका, अक्षर मुंगीएवढं झालंय. कंपवातात ते असं लहान होत जातं. दुरेघी वही आणा आणि मोठ्या अक्षरात पत्रं लिहा." कोणाला लिहू, विचारलं तर म्हणते, "शिरोड्याच्या गंगारामकाकांना. त्यांनाही सांगते. तुम्ही साडू ना?" साडू असल्याचा असा उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

आरोंद्याच्या एका घरातल्या दोन बहिणी, सुभद्रा मला दिली आणि शेवंती तुला. गावं वेगळी, धंदे वेगळे, आणि म्हातारपणी रोग मात्र दोघांना एकच. मला आधी झाला, हे विसरू नको. तुला दोन वर्षांनी. निदान यात तरी मी पुढे आहे.

आता पत्र लिहायचंच आहे तर मनातलं लिहितो. सासुरवाडीला गेलो की तू सदरा काढून माडावर चढायचास, शहाळी पाडायचास, आणि सासरे ओटीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "जावय व्हयो तर असो." मी इस्त्रीची खाकी घालून खाली उभा, शहाळी गोळा करायला. अडतीस वर्षं झाली. सासरे गेले, ते वाक्य गेलं नाही. तुझ्यावर मी तेव्हा जळलो आणि अजून जळतो. या रोगात तरी मला तुझ्यापुढे जायचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दिव्याने माझ्या घरापुढच्या खळ्यात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून दिल्यात, हातभर अंतरावर. सपाट जमिनीवर चिकटणारा पाय रेघ ओलांडायची म्हटलं की उचलतो. का, ते देवाला ठाऊक. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने चालायचं, पावलं मोठी टाकायची, वळताना गर्रकन वळायचं नाही, बैलगाडीसारखं लांबून वळायचं. आणि बाजूला माणूस हवाच. माझ्या बाजूला सुभद्रा. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, घाटातल्या वळणांवर कुठेही न धरता तिकिटं फाडली. आता न हलणाऱ्या जमिनीवर मला बायको धरते.

माझा आकडा सांगत नाही. आधी तुझा कळव. दिव्या म्हणते, यात स्पर्धा नाही. ती तरुण आहे, तिला साडू नाही.

सत्यवान


शिरोडा,
२२ नोव्हेंबर २०२४

सत्यवानभाऊ,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शेवंतीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "कोर्टाचा काय ता?" तुमचं म्हटल्यावर जास्त घाबरली.

माडाचं म्हणाल तर तीन वर्षांत मी एकाही माडाला मिठी मारलेली नाही. आता नारळ पाडायला पाडेली येतो. मी खाली खुर्ची टाकून बसतो आणि त्याला शिकवतो, त्यामुळे तो वर गेला की लवकर उतरत नाही.

काल दिव्या आली होती. माझ्याही खळ्यात रेघा आहेत. काल चाळीस ओलांडल्या. हातात काठी, मागे शेवंती. दिव्याने मोबाईलवर व्हिडिओ काढला. म्हणाली, बाकीच्या पेशंटना दाखवते, त्यांना हुरूप येईल. मी नको म्हटलं नाही, हे कबूल करतो.

व्हिडिओत जे नाही तेही सांगतो. खळ्यात मी राजा असतो आणि न्हाणीच्या दारात भिकारी. दार आलं की पाय खिळतात. मग शेवंतीला हाक मारायची. ती सकाळी आठ ते नऊ मागच्या चुलीवर घावणे घालत असते. दोन खोल्या पर्यटकांना दिल्यात ना, त्यांची न्याहारी. तेव्हा तिला हाक ऐकू जात नाही. म्हणून त्या एका तासात खुर्चीतून उठायचं नाही असं तिचं फर्मान आहे. मी पाळतो. पडायची भीती वाटते. साठ फुटांवर कधी वाटली नाही ती आता पडवीच्या पायरीवर वाटते.

तुमचा आकडा कळवा. तुम्हाला आधी झाला म्हणजे तुम्ही सुधारणारही आधी.

आपला,
गंगाराम


वालावल,
४ डिसेंबर २०२४

गंगाराम,

व्हिडिओ काल बघितला. ठीक आहे. काठी मात्र घट्ट धरलेली दिसते. बुडणाऱ्याने फळकूट धरावं तशी.

मी काठी सोडली. आठ दिवस झाले. सकाळी सातला सुभद्रा डेअरीवर दूध घालायला जाते ती पावणेआठला परत येते. ती फाटकाबाहेर गेली की मी काठी पडवीत खुंटीला लावतो आणि निघतो. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच गेलो. आता लक्ष्मी-नारायणाच्या देवळामागच्या तळीपर्यंत जातो. तिथे पायरीवर बसून पाच मिनिटं बगळे बघतो आणि परत. सुभद्रा येते तेव्हा मी खुर्चीत, चहाची वाट बघत.

तिला ठाऊक नाही. कळलं तर दावं घालून बांधेल. दिव्याला कळलं तर घाबरून येणंच बंद करेल. तू शेवंतीला सांगू नको. एका बहिणीला सांगितलं की दुसरीला फोन जातो. ही पत्रं कुठेतरी नीट ठेव.

आकडा मागितला होतास. तळीपर्यंतची पावलं कोण मोजणार? मी सोडून दिलं मोजणं.

सत्यवान


शिरोडा,
२० डिसेंबर २०२४

सत्यवानभाऊ,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्यानंतर दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. शेवंतीने विचारलं, "बांगडो खारट झालो काय?" म्हटलं, नाही, बरोबर आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. तुम्ही मोठे, तुम्ही बरे होताय. नाही झाला. पोटात दुखलं. चाळीस रेघांचं मला केवढं कौतुक वाटत होतं, आणि तुम्ही तिकडे बगळे बघत बसलेले. लिहिताना लाज वाटते, पण दिव्याने मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलंय, लपवून लिहायला नाही.

तुमच्या घरापासून तळी किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. लग्नानंतर तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा सुभद्राताईने आम्हा दोघांना देवळात नेलं होतं. वाटेत उतार आहे, चिऱ्याच्या पायऱ्या आहेत. त्या कशा उतरता? परत चढताना धरायला काही नाही. मी परवा भिंतीला हात लावून काठी सोडून पाहिली. दोन पावलं झाली आणि लगेच परत धरली.

काही युक्ती असेल तर सांगा. आणि एक विचारतो, रागावू नका. खरं ना?

आपला,
गंगाराम


वालावल,
२६ डिसेंबर २०२४

गंगाराम,

खरं ना म्हणून विचारतोस? वयाने मी मोठा, नात्याने मोठा, आणि तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार आहे?

युक्ती विचारलीस तर सांगतो. काठी हातात असली की पाय आळशी होतात. काठी कधी पुढे जाते याची वाट बघत बसतात. काठी टाकली की त्यांना कळतं, आता आपल्यालाच जायचं आहे. म्हणून काठी नुसती बाजूला ठेवायची नाही, हात पोचणार नाही इतकी लांब टाकायची. भिंत धरू नको. भिंत धरलीस की जन्मभर भिंतीचा. खळ्याच्या मधोमध उभा राहा आणि नीघ. तोल जातोय असं वाटलं तर थांबू नको, पुढे पाऊल टाक. चालत्या गाडीत थांबलेला माणूस पडतो, चालणारा पडत नाही. हे मी एकतीस वर्षं रोज बघितलंय.

बाजूला कोणी नसलेलंच बरं. कोणी असलं की आपण त्याच्यावर रेलतो.

आता तुला जमेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. माडावर चढायला हात लागतात. कंडक्टरला पाय लागतात.

सत्यवान


वालावल,
४ जानेवारी २०२५

गंगाराम,

तुझं उत्तर नाही. काय समजायचं ते समजलो. माझ्यावर जळू नकोस, बाबा. मी तळीपर्यंत जातोच आहे. आज थंडी होती, तरी गेलो.

सत्यवान


शिरोडा,
२४ जानेवारी २०२५

सत्यवान भावोजींस,
शेवंतीचा नमस्कार.

ताई इथे आठ दिवस राहून गेली, तिने सगळं सांगितलंच असेल. तुम्हाला बरं नव्हतं म्हणून तुम्ही आला नाहीत, तेही ती बोलली. तरी मला जे तुम्हालाच सांगायचं आहे ते लिहिते.

सहा तारखेला सकाळी साडेआठला मी घावणे घालत होते. कोंबड्या ओरडायला लागल्या म्हणून बाहेर आले तर हे खळ्याच्या मधोमध आडवे, आणि काठी पार तुळशीपाशी. माणूस इथे पडला तर काठी तिथे कशी गेली, ते मला तेव्हा कळलंच नाही. गोव्याला नेलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, खुब्यात खिळा घातलाय. डॉक्टर म्हणाले, खिळा नीट बसलाय, आता चालायला सुरुवात करायची. जितके दिवस हे पडून राहतील तितके पाय जातील, आणि या रोगात गेलेले पाय परत येत नाहीत.

तुमचं चार तारखेचं पत्र आम्ही घरी आलो तेव्हा आलेलं होतं. मीच यांना वाचून दाखवलं, थट्टा आहे, हसतील म्हणून. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

परवा गादी उन्हात घालायला उचलली तेव्हा खाली तुमची बाकीची पत्रं मिळाली. सगळी वाचली. मग काठीचं कळलं. भावोजी, मी रागावलेली नाही. तुम्हाला जमलं ते तुम्ही सांगितलंत. यांना नाही जमलं. त्यात तुमचा काय दोष.

पण आता हे उठत नाहीत. दिव्या येते, नुसते पाय पलंगाखाली सोडून बसा म्हणते, तेवढंही करत नाहीत. मला म्हणतात, "सत्यवान तळयेपर्यंत जाता, आणि माका माझा खळा पार होयना. आता कित्याक उठू?" दिवसभर छपराकडे बघत पडून असतात. मला घाबरायला होतं.

तुमच्याकडे एकच मागते. या, आणि यांच्यासमोर चालून दाखवा. काठी न घेता या खोलीत नुसते चालत या. आपल्यासारखाच आजारी माणूस चालतो हे डोळ्यांनी बघितलं की यांना वाटेल, आपल्यालाही होईल. मला दुसरं काही सुचत नाही. पत्रांचं मी ताईला बोलले नाही. तुम्ही तिच्यापासून लपवलंय ना, म्हणून.

आपली,
शेवंती


वालावल,
२८ जानेवारी २०२५
(हे पत्र लिहून झालं, पाकिटात गेलं, पोस्टात गेलं नाही.)

गंगाराम,

मी तळीपर्यंत कधीच गेलो नाही. एकदाही नाही. फाटकापर्यंतही नाही. बगळे आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही, चार वर्षांत तळी बघितलेली नाही. सुभद्रा डेअरीवर गेली की मी खुर्चीत असतो, ती येते तेव्हाही त्याच खुर्चीत असतो, तेवढंच त्यात खरं होतं. पडवीतून खळ्यात उतरायला मला तिचा खांदा लागतो. माझा आकडा तुला हवा होता. तेव्हा सहा रेघा होता.

तुझा व्हिडिओ दिव्याने दाखवला तेव्हा सुभद्रा शेजारी बसली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "गंगाराम कसो चलता बगा, आणि तुमी…" पुढचं तिने गिळलं. बोलली असती तर बरं झालं असतं. अडतीस वर्षं जे सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते आता बायकोच्या तोंडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसलो आणि हात आपोआप तळीपर्यंत गेला. लिहिताना अक्षर चांगलं मोठं येत होतं. दिव्याने शाबासकी दिली.

तू 'खरं ना' विचारलंस तेव्हा थांबता आलं असतं. तुझ्या पोटात दुखलं हे वाचून मला इतकं गोड लागलं की मी थांबलो नाही. काठी लांब टाक, हे मी लिहिलं. भिंत धरू नको, हे मी लिहिलं. बाजूला कोणी नको, हेही मीच. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. टेबलाशी बसून रचलं.

तू पडलास हे सुभद्राला फोनवर कळलं तेव्हा मी तिथेच होतो. तिने फोन ठेवला आणि रडायला लागली. मी विचारलं, काठी कुठे होती? ती म्हणाली, हे काय विचारता? पडसं झाल्याचं सांगून मी शेजाऱ्यांच्या भरवशावर घरी राहिलो.

आता शेवंती मला दोष देत नाही. ती शिव्या देती तर मी हे पत्र टाकलं असतं. तिला मी चालून दाखवायला हवा आहे. तू पलंगावर आहेस, आणि मी खोटारडा ठरणार आहे. या दोन्हींतलं मला दुसरं जास्त लागतंय, हे आज कळलं आणि स्वतःची किळस आली. तरीही हे पाकीट पोस्टात टाकवत नाही.

त्यापेक्षा मी येतो. दिव्याला सांगितलंय, मला काठीशिवाय दहा पावलं हवीत, लवकर. ती म्हणाली, "काका, आता कुठे तुमच्यात ईर्षा आली." तिला काय सांगू.

सत्यवान


शिरोडा,
२७ फेब्रुवारी २०२५

सत्यवानभाऊ,
सा. न. वि. वि.

सोळा तारखेला तुम्ही येऊन गेलात. त्यावर दोघांपैकी कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहितो.

गाडी फाटकाशी थांबली ते मी पलंगावरून ऐकलं. ताईचा आवाज आला, "काठी खंय?" तुम्ही म्हणालात, "गाडयेत रवांदे." मग बराच वेळ काही नाही. खळ्यातल्या माझ्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत, त्यांच्यावरून आला असाल. शेवंती दारातून मला सांगत होती, "येतहत हां. काठी नाय हातात." तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी भिंतीकडे वळलो. मला बघायचं नव्हतं.

मग तुम्ही माझ्या खोलीच्या दारात आलात आणि थांबलात.

शेवंती म्हणाली, "भावोजी, येवा ना आत." ताई म्हणाली, "उंबऱ्यार उभे रवा नकात, बरा नाय ता." मी वळून बघितलं. तुमच्या टाचा थरथरत होत्या आणि चवडे जमिनीला चिकटले होते. बाकीच्यांना वाटतं, माणूस विचार करतोय. काय चाललंय ते त्या घरात तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. समोर भिंतीवर घड्याळ आहे. तुम्ही चार मिनिटं उभे होता.

पहिल्या मिनिटात मला काही समजलं नाही. दुसऱ्या मिनिटात तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि तळी, बगळे, खुंटीला लावलेली काठी, सगळं समजलं. आणि भाऊ, मला आनंद झाला. खुब्यात खिळा असलेल्या माणसाला होऊ नये इतका झाला. चाळीस दिवस मी छपराकडे बघून एकच म्हणत होतो की त्याला जमतं आणि मला जमत नाही. तुम्हालाही जमत नव्हतं. माझ्यासारखंच जमत नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला राग आला. असा आला की हाताशी तांब्या होता तो फेकावा. चौथ्या मिनिटाला तुमचा तोल मागे जायला लागला, आणि राग बाजूला ठेवावा लागला. ताईने घाबरून तुमचा हात ओढला. मी ओरडलो, "ओढू नको गो ताई, ओढल्यार पडतले." मग तुम्हाला म्हटलं, "पायाक जोर करू नकात. आधी जाग्यार डोला. डाव्यार, उजव्यार. माझ्याकडे बगा. आता मोठा पाऊल." दिव्याने मला न्हाणीच्या दारात शिकवलेलं ते. तुम्ही डोललात, आणि उजवा पाय आत आला.

तुम्ही खुर्चीत बसलात तेव्हा शेवंती तुमच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो, दोन्ही पाय जमिनीला. मला कोणी बसवलं नव्हतं. तुम्हाला शिकवायच्या नादात कधी बसलो ते कळलं नाही.

तुम्ही गेल्यावर तीन दिवस शिव्या दिल्या. शेवंतीने दार लावून घेतलं, पर्यटकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून. चौथ्या दिवशी वॉकर मागितला. तुम्ही चालता असं वाटलं म्हणून मी पडलो होतो, आणि चालत नाही हे बघितलं म्हणून उठलो. यात मोठेपणा तुमचा नाही आणि माझाही नाही.

माफ केलं, असं लिहा म्हणून शेवंती सांगते. मी लिहीत नाही. खुबा दुखतो तेव्हा तुमचं नाव तोंडात येतं आणि बऱ्या शब्दांसोबत येत नाही. पण एक सांगतो, जे मी कोणाला सांगितलं नाही. सासरे माझं कौतुक करायचे ते मी माडावर असेपर्यंत. खाली उतरलो की शेजाऱ्यांना सांगायचे, "आमचो मोठो जावय एसटीत आसा." तुम्ही गाडीतून उतरायचात तेव्हा अख्खा आरोंदा बघायचा. त्या खाकीवर जळून मी माडावर चढायचो. दुसरं मला येत काय होतं?

काल वॉकर घेऊन नऊ पावलं झाली. साक्षीदार शेवंती. तुमचा आकडा कळवा. पण खाली ताईची सही हवी. सही नसलेला आकडा मी धरणार नाही.

आपला,
गंगाराम


वालावल,
८ मार्च २०२५

गंगाराम,

सोबत एक जुनं पत्र जोडलं आहे. जानेवारीतच लिहिलं होतं, टाकायची हिंमत झाली नाही. ते आधी वाच.

सुभद्राला सगळं सांगितलं. तुझी पत्रं तिच्या हातात दिली आणि माझी काय होती ते तोंडाने सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तो मेलो असतो तर शेवंतीक मी काय तोंड दाखवलंय असतंय?" मी तुला पाडलं, गंगाराम. हात न लावता पाडलं. माफी मागतो. तू देणार नाहीस हे कळलं, तरी मागतो, आणि खुबा दुखेल तेव्हा काय म्हणायचं ते म्हण.

त्या दिवशी दारात मी चार मिनिटं उभा होतो म्हणतोस. मला ती अडतीस वर्षं वाटली. माझ्याकडे बघा म्हणालास तेव्हा बघितलं, तर तुझ्या तोंडावर हसू होतं. असं हसू मी तुला कधी दिलं नव्हतं.

आता सुभद्रा डेअरीवर एकटी जात नाही. मला काठी देते आणि फाटकापर्यंत बरोबर नेते. तिथे शेजारचं कोणी दिसलं की मला त्याच्या ताब्यात देते आणि मग पुढे जाते. या वयात मला असं पोचतं करतात. पण खळ्याबाहेरचा रस्ता रोज दिसतो, तेही खरं.

तुझी नऊ पावलं वाचली. खुब्यात खिळा घेऊन नऊ. माझ्या पोटात पुन्हा तसंच झालं. औषध नाही त्याला, दिव्याकडेही नाही. म्हणून आज सकाळी जोर लावला. काठी न घेता, रेघा न बघता, अकरा पावलं. सुभद्रा मागे होती. खाली तिची सही आहे, बघून घे.

सत्यवान

गंगाराम, मी मागे होते. आठ पावलं झाली आणि काठी हातात होती. पुढची तीन मी धरून चालवली, ती माझ्या नावावर लिही.
सुभद्रा